जाऊन राहिलो म्हणजे जाऊन राहिलो

माझे अमरावतीचे घरमालक रोज सकाळी सात वाजता रागवायला सुरुवात करत. वेळेचे पक्के. दूधवाला पाच मिनिटं आधी आला तर त्याला ओट्यावर थांबावं लागे, कारण मालक अजून तोंड धूत असत. मग दुपट्ट्याने तोंड पुसत ते बाहेर येत, वर बघत, आणि जे दिसेल त्यापासून सुरू होत. ऊन पडलेलं असलं तर उन्हापासून.

"हे काय तपून राहिलं सकाळीच! कोनाले विचारून?"

अंबापेठेत त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. मी साताऱ्याकडचा, नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलेला. वऱ्हाडी बोली मी शिकलो ती याच माणसाच्या शिव्या खाऊन. पहिल्याच दिवशी मी चपला घालून निघालो तर ते गरजले, "मास्तर, दरवाजा उघडा टाकून कुठं जाऊन राहिले?"

मी घाबरून म्हणालो, "छे हो, राहायला इथंच आहे. दुसरीकडे कुठे जाऊन राहू?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू शाळेने मास्तरऐवजी चुकून घंटाच पाठवली. आम्ही 'जातोय' म्हणतो तिथं हे 'जाऊन राहिलो' म्हणतात, हे समजायला मला आठवडा लागला. त्या एका क्रियापदापायी पुढे सरकारी टेबलावर काय नाटक घडणार होतं, ते तेव्हा कळलं असतं तर मी आनंदाने तिकीट काढून बसलो असतो.

मालक देवीची लस टोचायचे. नोकरीची सगळी वर्षं जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून हातात टोचणी, काखेत रजिस्टर. डॉक्टर नव्हते, पण लोक 'देवीडॉक्टर' म्हणत, आणि त्याचाही त्यांना राग येई. "मी डॉक्टर नाही. डॉक्टर मनाल तं टोचीन नाही."

खोटं हा त्यांचा वैरी. एका गावात पाटलांनी नातीला टोचून घ्यायचं नाही म्हणून तिला आत लपवलं आणि यांच्यापुढे फराळाचं ताट ठेवलं. "टोचलं असं लिवून टाका साहेब, बात खतम." यांनी ताट बाजूला सारलं, ओट्यावर रजिस्टर उघडलं आणि बसले. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला. गावातली माणसं येऊन बघून जात. तिसऱ्या दिवशी पाटलीणबाईच वैतागून पोरीला घेऊन बाहेर आल्या. "टोचा बाप्पा एकदाची! तुमचं तोंड पाहून माह्या दुभत्या म्हशी आटल्या."

"खोटं म्हनजे खराब लस," ते मला सांगत. "वरून टोचल्यासारखी दिसते. आत काही उठत नाही."

मी तर बोलूनचालून थापाड्या माणूस. गोष्ट रंगवल्याशिवाय माझ्या तोंडातून बाहेर पडत नाही. एकदा ताप आल्याची चिठ्ठी शाळेत धाडून मी खोलीत पडून राहिलो होतो. हेडमास्तर समाचाराला आले. ओट्यावर मालक. हेडमास्तरांनी विचारलं, "मास्तरांचा ताप कसा आहे?" हे म्हणाले, "तापाचं मले माहीत नाही. मास्तर आत चिवडा खाऊन राहिले." वर मलाच रागावले, की मले कायले खोट्यात ओढलं.

लग्नाच्या चौकशीला कोणी आलं की आळीतल्या आया धास्तावत. चार स्थळं यांनी एकेका बैठकीत मोडली होती, आणि चारही वेळा बोललेलं खरं होतं.

या माणसाबरोबर काकूंनी संसार केला. त्या फार बोलत नसत. यांचा भडिमार चालू असता त्या हातातलं काम करत राहत आणि शेवटी एकच शब्द विचारत, "झालं?" त्यात चीड नसे, चौकशीसुद्धा नसे. पाऊस थांबला का हे बघायला दारातून हात बाहेर काढावा, तसं.

त्यांच्या काळजाची झडप आकसली होती. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्याचं हे फळ, असं डॉक्टर म्हणाले. अंगणातून स्वयंपाकघरात जायला तीन पायऱ्या होत्या. काकू दुसरीवर बसत, श्वास गोळा करत, मग तिसरी चढत. मी गावातल्या डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत एकदा गेलो होतो. डॉक्टरांनी नळी त्यांच्या पाठीला लावली आणि तोंड मालकांकडे केलं. "यांना दम कधी लागतो?" मालक म्हणाले, "कामाच्या टायमाले." "झोप येते का यांना?" "ढाराढूर." काकू दोघांच्या मध्ये बसल्या होत्या, टेबलावरच्या शाईच्या दौतीसारख्या. मी आजही त्या डॉक्टरांना माफ केलेलं नाही, आणि स्वतःलाही, कारण मला ते सगळं तेव्हा साहजिकच वाटलं होतं.

त्यांचा एकुलता मुलगा नागपूरला डॉक्टरकी शिकून विलायतेला गेला आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात लागला. त्याची पत्रं काकू माझ्याकडून दोनदा वाचून घेत. मालकांनी वाचली की प्रत्येक ओळीला त्यांचा राग मध्ये येई आणि पत्र संपत नसे. मुलाने लिहिलं होतं की इकडे दवाखाना सरकारच चालवतं, राजा असो की झाडूवाला, ऑपरेशनचा पैसा पडत नाही. आईची झडप इथे मोकळी करून देतील.

काकूंनी मला एकच विचारायला लावलं. "लिवा मास्तर. तिथं डॉक्टर बाईलेच विचारते, का तिच्या नवऱ्याले?"

उत्तर आलं: इथे नवऱ्याला बाहेर बाकड्यावर बसवतात.

काकू इतक्या हसल्या की त्यांना दम लागला आणि मला पाणी आणायला धावावं लागलं.

पण जायचं कसं? इथून माझा राग सुरू होतो, तो अजून थांबलेला नाही. मुलाने नियम लिहून पाठवला होता. नुसत्या उपचारासाठी कोणी आलं, तर तिथले अधिकारी त्याला दारातूनच परत लावतात. फुकट औषध खाऊन पळणारा म्हणतात. मात्र म्हातारे आईबाप मुलाकडे कायमचे राहायला आले, तर त्यांना आत घेतात, आणि मग दवाखाना त्यांचाही. म्हणजे आजारी आहे असं म्हणाल तर चालते व्हा, आणि इथंच मरणार आहे असं म्हणाल तर या, तुम्हाला वाचवतो! आपल्याकडचा नियम याहून देखणा. साध्या माणसाने पासपोर्ट मागितला की हा परदेशात जाऊन देशाची लाज काढील, असं धरूनच चालायचं आणि त्याची चौकशी लावायची. देशाची लाज काय अंबापेठेतल्या बाईच्या पदरात बांधलेली होती?

मुलाने शेवटी लिहिलं होतं, "बाबा, आता तुम्ही रिटायर झालात. दोघेही इकडेच या. अर्जात 'कायमचे' लिहा."

मालकांनी पत्र ओट्यावर आपटलं. "मी कायमचा जाईन? तिथं घराले ओटा नसते म्हनते! मानूस बसन कुठं? रागवन कोनावर? मी जाईन, हिचं काळीज दुरुस्त करीन, वापस येईन. तेच लिवीन."

"तसं लिहिलंत तर काकूंना घेणार नाहीत," मी म्हणालो.

"नाही तं नाही. खोटं लिवीन नाही."

आतून काकूंचा खोकला ऐकू येत होता. मला त्या क्षणी या खऱ्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण भाडेकरू होतो.

मूळ गाव अकोटकडचं, कागदोपत्री राहणं तिकडचं, म्हणून दोघांची जबानी अकोल्याच्या कचेरीत व्हायची होती, आणि तीच पुढे विलायतेच्या अर्जासोबत जायची होती. टेबलावर पुण्याकडून बदलून आलेला कारकून आहे, हेही कळलं. आणि वर्गात फळ्यावर क्रियापदं लिहिता लिहिता माझ्या डोक्यात अशी वीज चमकली की हातातला खडू मोडला. मी उड्या मारतच घरी आलो.

"तुम्ही खोटं बोलायचं नाही," मी मालकांना म्हणालो. "तो विचारील, काय करणार? तुम्ही एवढंच म्हणायचं, 'मी पोराकडे जाऊन राहिलो.' आणि गप्प."

त्यांनी वाक्य तोंडात घोळवून पाहिलं. "हे तं खरंच हाय. मी जाऊनच राहिलो."

"म्हणूनच!"

"मंग तुमाले हासू काहून येऊन राहिलं?"

मी पाणी प्यायला आत गेलो. काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि सगळं समजलं होतं. माझ्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, त्याईले गप्प राहनं जमन का?"

आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. जठारपेठेत काकूंच्या बहिणीकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत. कारकून नीटनेटका, अक्षर मोत्यासारखं, चेहऱ्यावर वनवासाला पाठवलेल्या माणसाचं दुःख. काकू भिंतीकडच्या बाकावर बसल्या. मी मालकांच्या मागे उभा राहिलो, गरज पडल्यास त्यांचा सदरा ओढायला.

"आपण मुलाकडे कशासाठी जाता?" कारकुनाने विचारलं.

"मी पोराकडे जाऊन राहिलो," मालक म्हणाले. आणि गप्प बसले. देवाशपथ, गप्प बसले!

कारकून लिहिता लिहिता पुटपुटला, "मुलाकडे... जाऊन... राहणार. कायमचे."

माझ्या मनात ढोलताशे वाजू लागले. आणि तेवढ्यात मालक टेबलावर वाकले.

"राहनार कोन मनलं?"

मी सदरा ओढला.

"आपणच म्हणालात. जाऊन राहिलो."

"जाऊन राहिलो म्हनजे जाऊन राहिलो! राहून नाही राहिलो!" मी पुन्हा ओढला, शिवण उसवली. "आता मी तुमच्यासंग बोलून राहिलो, तं का तुमच्या घरी मुक्काम ठोकला का मी?"

"आजोबा, शुद्ध मराठीत सांगा."

"शुद्ध!" हा शब्द पलीकडच्या व्हरांड्यात ऐकू गेला असावा, कारण दोन पट्टेवाले डोकावले. "माह्या बोलन्यात काय माती कालवली हाय? वऱ्हाडातल्या मायबाईनं मले याच बोलीत लेकरू दिलं टोचाले! तुमी आमच्या मुलखात येऊन बसले, अन् आमाले आमचं बोलनं शिकवून राहिले? लिवा! बायकोचं काळीज दुरुस्त करन्यासाठी जाऊन राहिलो. दुरुस्त झालं का वापस. लिवा!"

कारकुनाने 'कायमचे'वर शांतपणे रेघ मारली आणि लिहिलं, 'वैद्यकीय उपचारासाठी, तात्पुरते.'

संपलं. एका खऱ्या वाक्यात संपलं. या माणसाने पाटलाच्या नातीला वाचवायला तीन दिवस उपाशी बसावं आणि बायकोला मारायला तीन मिनिटं घ्यावीत! 

मागे बाक करकरलं. काकू उठून टेबलापाशी येत होत्या. मध्ये थांबल्या, श्वास गोळा केला, पुन्हा चालू लागल्या.

"साहेब, माहा अर्ज येगळा हाय ना?"

"हो, आपला वेगळा." आणि कारकुनाने मान मालकांकडे वळवली. "तर बाईंचं म्हणणं..."

"त्याईले नाही," काकू म्हणाल्या. "मले विचारा."

कारकुनाने टाक शाईत बुडवला. पहिल्यांदा तो काकूंकडे बघत होता. "आपण मुलाकडे तात्पुरत्या जाता की कायमच्या?"

"कायमची."

"परत येणार?"

"नाही."

"खोटं बोलते ती!" मालक ओरडले.

काकू त्यांच्याकडे वळल्या. आवाज तोच, पायरीवरचा. "अवो, मी आजवर तुमच्यापुढं कधी खोटं बोलली का?"

मी हा माणूस रागावलेला हजार वेळा पाहिला होता, विचार करताना कधी पाहिला नव्हता. ते खरोखर विचार करू लागले. सगळी वर्षं उलटून पाहत असावेत, एकेक पान, रजिस्टरासारखं. 

"नाही," ते म्हणाले.

"मंग लिवा साहेब."

कारकुनाने लिहिलं. खाली पतीची संमती लागत होती. मालकांनी टाक घेतला, दोनदा खाली ठेवला, सही केली आणि निब मोडलं.  

परतीच्या एसटीत काकू खिडकीशी डोकं टेकून झोपल्या होत्या. मूर्तिजापूरला चहा घेतला. चहात साखर नव्हतीच म्हणायची. मालकांनी तो तसाच घोट घोट पिऊन संपवला, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. बस सुटल्यावर ते माझ्या कानाशी आले.

"मास्तर, तिनं कामासाठी खोटं सांगितलं असंन ना?"

"अर्थात!" मी म्हणालो. "कामापुरतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी लबाड हाय," ते म्हणाले, आणि अमरावती येईपर्यंत समोरच्या सीटकडे बघत बसले.

काकूंचा अर्ज मंजूर झाला, मालकांचा फेटाळला गेला. जाण्याआधी काकूंना देवी टोचल्याचा दाखला लागत होता. मालकांच्या सहीला आता किंमत नव्हती. आरोग्य खात्यातल्या कुण्या नव्या माणसाने टोचलं. मालक पेटले. "हे टोचनं झालं? तिरपं! जिल्ह्याचा पुरा सत्यानाश करून राहिले!" मग आठ दिवस ते रोज सकाळी काकूंचा दंड हातात धरून, उजेडाकडे वळवून बघत, उठलं का म्हणून. काकू हात पुढे करून उभ्या राहत. आळीत कोणी असं कधी पाहिलं नव्हतं. आठव्या दिवशी ते म्हणाले, "उठलं." जोरात म्हणाले, रागानेच म्हणाले.

मुंबईला निघालेल्या ओळखीच्या एका कुटुंबासोबत काकू बडनेऱ्याहून गेल्या. प्लॅटफॉर्मवर मालक हमालाशी भांडत होते, ते गाडी हलली तरी भांडतच होते.

झडप मोकळी झाली. मुलाचं पत्र आलं, आई दोन जिने चढते, मध्ये थांबत नाही. खाली काकूंनी स्वतः चार ओळी गिरवल्या होत्या. त्यांना लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. मालकांना माहीत होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

आणि वर्ष व्हायच्या आत अकोल्याहून एक लिफाफा आला. बाई उतरल्या आणि लगेच त्यांचं ऑपरेशन झालं, हे विलायतेतल्या कोणा अधिकाऱ्याला खटकलं होतं. राहायला म्हणून आली आणि औषध घेऊन बसली, अशी शंका. तेव्हा पतीने लेखी खुलासा करावा: पत्नी उपचारासाठी गेली होती काय? परत येणे आहे काय? सोबत छापील फॉर्म होता आणि उत्तराला दोन ओळींची जागा.

मालकांनी तो ओट्यावर बसून वाचला. मग मला हाक मारली.

"मास्तर, मी 'हो' लिवलं तं काय होईन?"

"काकूंना परत पाठवतील."

"इथं?"

"इथं."

ते उठून आत गेले. तीन दिवस त्या फॉर्मवर पेपर ठेवलेला होता. त्या तीन दिवसांत ते दूधवाल्यावर ओरडले, पोस्टमनवर ओरडले, विलायतेच्या सरकारवर अंबापेठेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले. "आजारी बाईले पुसते, तू खरंच राहाले आली का! अबे, बाई जिती हाय, तुमाले आनखी कोनता दाखला पायजे?" त्यांचा हा एक राग असा होता की मी उठून त्यात माझा आवाज मिळवला. आळीतली माणसं दारात आली आणि आम्ही दोघं ओट्यावर उभे राहून एका परक्या सरकारला शिव्या घालत होतो. मला आयुष्यात इतकी मजा क्वचित आली असेल, आणि इतकं वाईटही.

चौथ्या दिवशी त्यांनी मला टाक घेऊन बसवलं.

"शुद्ध लिवा," ते म्हणाले. "पुन्यातल्या मानसाले समजन असं. त्याले पुन्हा विचारायची पाळी नको."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'माझी पत्नी उपचारासाठी गेली नाही. ती मुलाकडे राहण्यासाठी गेली आहे. ती परत येणार नाही.' दोन ओळी भरल्या. मी टाक खाली ठेवला.

"थांबा. झालं नाही." ते ओट्यावरून समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "लिवा, हे मले अकोल्याच्या कचेरीत समजलं. त्याच्या आंधी चाळीस वर्षं एका घरात राहून समजलं नव्हतं."

"हे कशाला?" मी म्हणालो. "त्यांनी विचारलेलं नाही. आणि जागाही नाही."

"जागा काहून नाही? एवढा मोठा कागद कायले छापते मंग लेकाचे!" त्यांनी फॉर्म माझ्या हातातून ओढला, उलटा केला, सुलटा केला आणि कडेच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथं लिवा. आडवं लिवा."

मी समासात, कागद आडवा धरून, बारीक अक्षरात ते लिहिलं. त्यांनी वाचून पाहिलं, 'चाळीस' खोडून 'बेचाळीस' करायला लावलं, आणि मग सही केली.